आईबहिणीवरून शिव्या आणि पाचशे रुपयांचा ठराव

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही परभणी जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीचे सदस्य. येत्या ग्रामसभेत शिवीबंदीचा ठराव यायलाय: आईबहिणीवरून शिवी दिली की पाचशे रुपये दंड. गावात दोन गट पडलेत. एक म्हणतो, शिव्यांमुळंच बायकांची किंमत गेली आणि मारहाण वाढली. दुसरा म्हणतो, हे शहरातलं खूळ आहे, आपल्याकडं शिवी तोंडात असती, मनात नसती. खरं कोणाचं आणि मत कुठं द्यायचं, हे तुम्हाला ठरवायचंय. जाता जाता तुम्ही हेही लिहिलंय की तुमचं चार वर्षांचं पोरगं 'मायला' म्हणायला लागलंय, त्यावर सगळं घर हसतं आणि बायको चिडते.

मी कौटुंबिक हिंसेच्या प्रकरणांत समुपदेशन करते. माझ्यासमोर शिवी येते ती तक्रारीतलं एक वाक्य म्हणून, तेही बहुधा शेवटी, "शिव्या तर काय रोजच्याच" असं म्हणून बाजूला सारलेलं. त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूनं येईल, आणि तुमच्या दोन्ही गटांना ते अर्धंच पटेल.

दुसऱ्या गटाचं जेवढं खरं आहे तेवढं आधी त्यांना देऊन टाकू. शिवीतूनच मार उगवतो असं सरळ म्हणता येत नाही. स्वीडिश भाषेतल्या जुन्या, रोजच्या शिव्या बहुतेक सैतान आणि नरकावरून आहेत. तरीही युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेनं २०१४ मध्ये २८ देशांतल्या सुमारे ४२,००० बायकांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा स्वीडनमधल्या ४६ टक्के बायकांनी वयाच्या पंधराव्या वर्षानंतर कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. सगळ्या देशांची सरासरी ३३ टक्के होती. तिथल्या बायका मोकळेपणानं सांगतात म्हणून आकडा मोठा दिसतो, असंही त्यावर म्हटलं गेलं आणि त्यात तथ्य आहे. पण शिवीतून आई वजा केली की घरातला मारही वजा होतो, असं काही त्यातून निघत नाही. आपल्याकडंही गळ्यात माळ घातलेला, तोंडातून वावगा शब्द न काढणारा माणूस दार लावून बायकोला मारतो, आणि दर वाक्याला शिवी घालणारा ट्रॅक्टरवाला बायकोचा शब्द खाली पडू देत नाही. दोन्ही नमुने तुमच्या गावात असतील.

मग पहिला गट चुकला का? त्यांचं दुखणं खरं आहे, मोजमाप चुकलं. गावात शिव्या किती, हे मोजून हाती काही लागत नाही. शिवी कोण देतंय, कोणाला, कोणासमोर, आणि शिवीनंतर काय होतं, हे बघावं लागतं. आम्ही ऐकताना शिवीची दिशा धरतो. तशा दिशा तीन.

पहिली हवेत सोडलेली. बोअरची मोटार जळाली, लाईट गेली, पायाला ठेच लागली आणि तोंडातून निघालं 'आयला', 'च्यायला', 'मायला'. शब्दाकडं नीट बघा. शेवटचा 'ला' हा विभक्तीचा प्रत्यय आहे, शाळेत घोकलेला 'स-ला-ते' मधला. म्हणजे हे मुळात एक वाक्य होतं: "तुझ्या मायला" अमुक करीन. त्यातलं क्रियापद गळून गेलं, कर्ता गळून गेला, मागं आई आणि तिला चिकटलेला 'ला' तेवढा उरला. आता म्हातारी आजीसुद्धा "मायला, किती ऊन हाय" म्हणते आणि कोणाला काही वाटत नाही. हिच्यानं कोणी मार खात नाही. उलट अशा शिवीनं दुखणं सोसायला बळ येतं, हे इंग्लंडमधल्या कील विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये बर्फाच्या पाण्यात हात बुडवायला लावून तपासलं: शिवी देणाऱ्यांनी हात जास्त वेळ आत ठेवला. २०२० मध्ये त्यांनी शिवीसारखे वाटणारे नवे, बनवलेले शब्दही वापरून बघितले, त्यांनी काही फरक पडला नाही. शिवीऐवजी 'अरे देवा' म्हणा, असं सांगणाऱ्यांचं कोणी का ऐकत नाही, याचं थोडं उत्तर इथं आहे. असो. या पहिल्या प्रकारावर मी फार ताकद घालवणार नाही.

दुसरी दिशा: पुरुषानं पुरुषाला दिलेली, पण बाईवरून. बांधावरून दोघं भांडतात, पाणी कोणी आधी घेतलं याचं भांडण, आणि त्यात जिचा काही संबंध नाही अशी तिसरीच बाई येते, जी त्या वेळी घरी भाकरी थापत असते. शिवीतलं गळालेलं क्रियापद जागेवर ठेवलं तर ती बलात्काराची धमकी आहे, आणि धमकी ज्याला दिली त्याच्या शरीराला तिचा धक्का नाही. तरी तो पेटतो. का पेटतो, हेच या प्रकाराचं मर्म आहे. बाई ही त्याची ठेव, तिला हात लावला की हरला तो, असं दोघांनीही धरलेलं असतं. 'साला' हा शब्दही तसाच. नातं सांगतोय, बायकोचा भाऊ. पण भांडणात म्हटला की अर्थ होतो, तुझी बहीण माझ्याकडं आहे. 'बायल्या', 'बांगड्या भर' ही त्याच हिशोबाची दुसरी बाजू: हरलास, म्हणजे बाई झालास.

ऊसतोडीच्या फडावर हा हिशोब उघडा दिसतो. तिथं नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' मोजतात, उचल, म्हणजे आगाऊ घेतलेला पैसा, नवऱ्याच्या नावावर असते, आणि काम मागं पडलं की मुकादम, म्हणजे टोळीचा ठेकेदार, नवऱ्याला शिवी घालतो ती बायकोवरून, बायकोसमोर. तो काही बोलू शकत नाही, उचल अंगावर असते. रात्री कोपीवर, म्हणजे झोपडीत, तो अपमान कोणावर उतरतो, हे तुम्हाला सांगायला नको. शिवी पुरुषाला दिली, लागली बाईला.

याच कारणानं आपल्याकडचा सगळ्यात आवडता उपदेश, "तुझ्या घरी आईबहीण नाही का?", हा मला कुचकामी वाटतो. त्यात शिवीचाच हिशोब आहे. माझ्या घरची तेवढी जप, बाकीच्यांचं मला काय, असा अर्थ ऐकणारा बरोबर काढतो. असा पोरगा दुसऱ्याच्या बहिणीला शिवी देणं थांबवेल एक वेळ, पण स्वतःची बहीण मनानं लग्न करून गेली तर "नाक कापलं" म्हणून कोयता घेऊन निघणाराही तोच असतो. त्याला रोखताना बाईचं नातं मध्ये आणूच नये. "मायला कशाला मधी घ्यायलास? भांडण माझ्याशी हाय ना, माझ्याशी भांड." एवढं एक वाक्य पुरतं, आणि ते ज्याला शिवी पडली त्यानं किंवा त्याच्या जोडीदारानं म्हणावं. मास्तर किंवा महाराज म्हणाले की उपयोग अर्धा होतो.

तिसरी दिशा: बाईला समोरासमोर, तिच्याच शरीरावरून, कुशीवरून, चारित्र्यावरून. रांड, छिनाल, वांझोटी, पांढऱ्या पायाची, अवदसा. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथं आहे.

या शब्दांची वंशावळ बघण्यासारखी आहे. 'रांड' म्हणजे मुळात विधवा, संस्कृत 'रण्डा' वरून. नवरा मेला हाच तिचा गुन्हा. पुढं विधवा आणि वेश्या हे अर्थ एकाच शब्दात मिसळले, कारण मालक नसलेली बाई कोणाचीही, असं गाव धरून चालायचं. 'सटवी' ही बाळाच्या पाचवीला जिची पूजा होते त्या सटवाईवरून. आणि 'ए भवाने' तर मराठवाड्यातही ऐकू येतं, ज्या मराठवाड्यात तुळजापूर आहे आणि नवरात्रात माणसं अनवाणी चालत जातात त्या. देवळातली भवानी आई, घरातली बोलायला लागली की 'भवानी' ही शिवी. जी बाई कोणाच्या धाकात नाही तिचं नाव शिवी होतं, असा साधारण नियम दिसतो.

पुन्हा, नुसता शब्द बदलून भागत नाही. एप्रिल २०२३ मध्ये विधवा महिलांसाठी 'गंगा भागीरथी' असा शब्द वापरण्याचा प्रस्ताव राज्यात पुढं आला होता, जुन्या पत्रिकांतलं 'गं. भा.' तेच. त्यावर बायकांनीच टीका केली, कारण नाव कितीही पवित्र ठेवलं तरी वेगळी रांग तीच राहते.

आता ही तिसरी शिवी काम कशी करते ते बघा. प्रसंगाचा क्रम बहुतेक ठरलेला असतो. आधी साधी गोष्ट: भाकरीला उशीर, फोन बिझी, माहेरी जायचं नाव. मग प्रश्न: "कोणाशी बोलत होतीस?" मग शब्द. मग हात. शब्दाची जागा प्रश्न आणि हात यांच्या मधोमध आहे, हे महत्त्वाचं. उशीर झाला म्हणून मारलं असं मारणाऱ्यालाही म्हणवत नाही, ते त्याला स्वतःलाच क्षुल्लक वाटतं. पण एकदा तिला 'तसली' ठरवली की मार ही शिक्षा होते. शिवी म्हणजे निकाल, आणि मार म्हणजे त्याची अंमलबजावणी. हा निकाल भिंतीपलीकडं ऐकू जातो, आणि शेजारी भांडण सोडवायला येताना पाय रेंगाळतात: उगाच कोण बायकोला असं म्हणंल? मारापेक्षा शब्द जास्त दिवस टिकतो तो यामुळे. वळ आठवड्यात जातात, 'तसली' हे पोराच्या सोयरिकीपर्यंत पुरतं.

पाहणाऱ्यांवर काय परिणाम होतो यावर अमेरिकेत थॉमस फोर्ड या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केले. त्यांचा विषय शिव्या नव्हता, बायकांना हिणवणारे विनोद होता, पण तो शेजारचाच. २००८ च्या अभ्यासात दिसलं ते असं: ज्यांच्या मनात बायकांविषयी आधीच आकस होता, त्या पुरुषांनी असे विनोद समोर आल्यावर महिला संस्थेला द्यायचे पैसे कमी केले. आकस नसलेल्यांत तसा परिणाम दिसला नाही. विनोदानं नवा आकस तयार झाला नाही; असलेला आकस बाहेर काढायला हरकत नाही, एवढा निरोप मिळाला. पारावरची शिवी नेमकं हेच करते असं माझं मत आहे. दहा जण हसतात, त्यातल्या आठांचं काही बिघडत नाही. उरलेल्या दोघांना कळतं की घरी हा शब्द वापरला तर गाव आपल्याच बाजूनं असेल.

बायकाही शिव्या देतात, हा मुद्दा तुमच्या सभेत नक्की येईल. देतात. नळावर एकमेकींना 'सवत', 'वांझोटी', 'रंडकी' म्हणतात आणि तेही तितकंच लागतं. पुरुषावर रागावल्या की मात्र बहुधा शाप देतात, "तुझा मुडदा गेला", "तुझं वाटोळं होवो". ज्याच्या हातात काठी नाही तो तळतळाट करतो. गंगाखेडची जनाबाई तर अंगणात उभी राहून थेट विठ्ठलाला शिव्या देते, आणि त्या अभंगात ती देवाला म्हणते काय, तर "तुझी रांड रंडकी झाली". चिडली देवावर, आणि बोल लागला रुक्मिणीला. तोंड बाईचं असलं तरी भाषेनं शिवीची वाट बाईवरूनच घातली आहे, याचा एवढा जुना आणि आपल्या मातीतला दाखला दुसरा नसेल.

म्हणजे शिवीनं मारहाण वाढते का, या तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: पहिल्या प्रकारानं नाही, दुसऱ्यानं आडवळणानं, तिसऱ्यानं सरळ हो.

शिवी कधी धोक्याची खूण समजायची हे तुम्हाला सदस्य म्हणून माहीत असावं, कारण बायका आधी तुमच्या घरच्यांकडं येतात. शिव्या वाढल्या यापेक्षा शिवी बदलली याकडं लक्ष द्या. आधी हवेत 'मायला' म्हणणारा आता तिच्या अंगावर शब्द टाकतो. शब्दासोबत एखाद्या पुरुषाचं नाव जोडतो. लेकरांसमोर, किंवा लेकरालाच "तुझी माय तसली" म्हणतो. आणि ओरडून नाही तर शांत आवाजात म्हणतो. हे शेवटचं फार वाईट. त्यात "खतम करतो", "जाळून टाकतो" आलं, गळा दाबला किंवा विळा-कुऱ्हाड दाखवली, तर तिथं समजावणी, बैठक, मोठ्या माणसांची मध्यस्थी काही करायचं नाही. ११२ ला किंवा महिलांच्या १८१ ला फोन, आणि तिला रात्रीपुरतं सुरक्षित जागी हलवणं.

नोंदीबद्दल एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. आपल्याकडं तक्रार लिहिताना एक साचा ठरलाय: "आईबहिणीवरून अश्लील शिवीगाळ करून लाथाबुक्क्यांनी मारहाण केली व जिवे मारण्याची धमकी दिली." शेकडो कागदांत हेच वाक्य. यात काय म्हटलं तेच गायब होतं. 'अश्लील शिवीगाळ' मध्ये चारित्र्यावरचा आरोप, पोर होत नाही म्हणून टोमणा, जातीवरून अपमान आणि साधं 'साला' सगळं एकाच पोत्यात जातं, आणि पुढं कोणतं कलम लागायचं ते या फरकावर ठरतं. म्हणून शब्द जसाच्या तसा लिहावा, लाज वाटली तरी. तारीख, वेळ, जागा, कोणी ऐकलं, शिवीच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं, एवढं त्याच ओळीत. बाईला लिहिता येत नसेल तर अंगणवाडीताई किंवा मोठी मुलगी लिहू शकते. वही सासरी ठेवू नये. मोबाईलवर आवाज टेपला असेल तर मूळ फोनमधून पुसू नका, कापू नका. न्यायालयात भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि चार जणांना फिरवलेली क्लिप मूळ म्हणून दाखवताना त्रास होतो.

कायदा पटकन सांगते. घरातल्या शिवीसाठी सगळ्यात उपयोगी कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५. त्याच्या कलम ३ मध्ये अपमान, हिणवणं, नावं ठेवणं, आणि मूल किंवा मुलगा नाही म्हणून टोमणे मारणं हे शाब्दिक व भावनिक हिंसा म्हणून स्पष्ट लिहिलंय. संरक्षण अधिकारी (या कायद्यासाठी नेमलेले सरकारी अधिकारी) जो कौटुंबिक घटना अहवाल भरतात त्यात यासाठी वेगळे रकाने आहेत, ते रिकामे सोडू देऊ नका. दंडाधिकाऱ्यांनी संरक्षण आदेश दिला आणि तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घराबाहेर, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता: बाईच्या लज्जेचा अवमान करण्याच्या हेतूनं शब्द वापरला तर कलम ७९, तीन वर्षांपर्यंत, सार्वजनिक जागी अश्लील शब्द बोलून लोकांना त्रास दिला तर कलम २९६, तीन महिन्यांपर्यंत किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, चिथावण्यासाठी केलेला अपमान कलम ३५२, तो अदखलपात्र, म्हणजे एनसी, दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस ज्याचा तपास करू शकत नाहीत असा. दलित-आदिवासी बाईला जातीवरून किंवा लैंगिक शब्दांत बोललं तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. कामाच्या जागी २०१३ चा लैंगिक छळाचा कायदा, तक्रार तीन महिन्यांत. ऊसतोडीच्या बायकांचं घोडं इथंच अडतं: हंगाम पाच-सहा महिन्यांचा, तक्रार कारखान्याच्या जिल्ह्यातल्या स्थानिक समितीकडं, आणि गावी परत येईपर्यंत मुदत संपते. कारण दाखवून आणखी तीन महिने वाढवून मिळू शकतात, हे त्यांना जायच्या आधी सांगून ठेवावं.

आता ठराव. तुमच्या लोकांनी नमुना समोर ठेवलाय तो अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यातल्या सौंदाळ्याचा असणार. तिथल्या ग्रामसभेनं नोव्हेंबर २०२४ मध्ये पाचशे रुपयांचा दंड ठरवला. हेतू चांगला. गावानं एकत्र बसून हा विषय तोंडातून काढला, हेच मोठं. पण दंडाचा भाग मी तुमच्या जागी गाळला असता.

एक तर ग्रामसभेच्या ठरावानं नवा गुन्हा तयार होत नाही, आणि दंड सक्तीनं वसूल करता येत नाही. स्वखुशीनं दिला तर दिला. नाही दिला की गावाचा हात दाखल्यावर, नळावर, किराणा दुकानावर जातो, आणि तिथं २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आडवा येतो: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बायकांच्या सन्मानासाठी निघालेले पंच आरोपी व्हायचे. दुसरं, दंड कोणाला होईल ते आधीच सांगता येतं. रस्त्यावर मोठ्यानं शिवी देणारा मजूर, प्यालेला माणूस, नळावरच्या दोघी. चार भिंतीत शांतपणे 'तसली' म्हणणारा कधीच सापडणार नाही. तिसरं, आणि याची मला जास्त धास्ती आहे: घरात पैसा एकच असतो. नवऱ्याला पाचशे भरावे लागले की त्या रात्री ते कोणामुळं भरावे लागले याचा हिशोब होतो. तक्रार करणारीचं नाव फुटलं तर ठरावानंच तिला मार मिळवून दिला असं होईल.

त्यापेक्षा मे २०२२ मधला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडचा ठराव वाचा, विधवा प्रथा बंद करणारा. बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, असं त्यात गावानं स्वतः काय करायचं थांबवायचं ते लिहिलं, आणि शासनानं त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना तो मार्ग सुचवला. तुमच्या ठरावातही गावानं काय करायचं ते असावं. सुरुवात पंचायतीपासूनच. निम्म्या जागा बायकांच्या आहेत, आणि सभेत बाई सदस्य बोलायला उठली की मागून काय ऐकू येतं ते तुम्ही ऐकलं असेल. तेव्हा पहिलं कलम: ग्रामसभेत, पंचायत कार्यालयात, शाळेच्या फाटकाशी बाईवरून शिवी आली तर अध्यक्ष कामकाज थांबवतील आणि इतिवृत्तात तशी नोंद होईल. दुसरं: शिवीसोबत मारहाण किंवा धमकी असेल तर गावात तडजोड होणार नाही, बाईला संरक्षण अधिकाऱ्याकडं नेण्याची जबाबदारी ठरावीक दोघींची, आणि त्यांचे फोन नंबर कार्यालयाच्या भिंतीवर. तिसरं: तक्रार करणारीचं नाव इतिवृत्तात येणार नाही. मसुदा आधी महिला सभेत वाचा, ती ग्रामसभेच्या आधी घ्यायचीच असते. बायका ज्या कलमावर गप्प बसतील ते पुन्हा लिहा. सहा महिन्यांनी शिव्या कमी झाल्या का, हे मोजू नका. त्या दोघींकडं किती जणी आल्या ते मोजा. आकडा वाढला तर ठराव चाललाय.

शाळेतही घ्यायचं असेल तर आठवी ते दहावीच्या मुलांचा एक तास पुरतो. शब्द तोंडानं म्हणायला लावायचे नाहीत, चिठ्ठीवर लिहायचे, नाव नाही. मास्तरांनी शब्द न वाचता फळ्यावर तीन रकान्यांत फक्त खुणा करायच्या: शिवी कोणाला दिली, शरीर कोणाचं आलं, आणि वाक्य पूर्ण केलं तर गुन्हा कोणता होतो. पहिली दहा मिनिटं फिदीफिदी चालणार, तिथं रागावलं की तास संपला. दुसऱ्या रकान्यात एकाखाली एक 'बाई, बाई, बाई' भरत गेलं की वर्ग आपोआप गप्प होतो. एक काळजी घ्या: बाईवरून नको म्हटलं की पोरं जातीवरून, अपंगांवरून, काळ्या रंगावरून शोधायला लागतात. गाढवा, रेड्या, मुडद्या, ठोंब्या एवढ्यावर भागवा म्हणावं, मराठीत काही कमी नाही.

राहिलं तुमचं पोरगं. चार वर्षांच्या लेकराला 'मायला' म्हणजे आवाज, अर्थ नाही. तो शब्द टिकतो तो तुमच्या हसण्यावर, आणि मारलं तरी टिकतो, कारण दोन्हीत सगळं घर त्याच्याकडं बघतं. म्हटलं की कोणी हसायचं नाही, रागवायचं नाही, चेहरा न बदलता पुढचं बोलायचं; आजोबांना हे आधी समजावून सांगा, सगळ्यात जास्त तेच हसतात. पंधरा दिवस, तीन आठवडे लागतील. तेवढे दिवस फोनवर मित्रांशी बोलताना तुम्ही अंगणात जा, कारण तो शब्द त्यानं ज्या सुरात उचललाय, तो सूर तुमचा आहे का, हे बायकोला विचारलं तर ती लगेच सांगेल.